ओंजळभर आदर

'बहुआयामी' हा शब्द माणसाला मेल्यावरच लागतो. जिवंत असताना त्याच माणसाला 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणतात. दादांबद्दल असं म्हणताना अध्यक्षांना मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आणि तेच अध्यक्ष शोकसभेत माइकसमोर रुमाल काढून 'बहुआयामी' म्हणाले. दादा पुतळे घडवत, चित्रं काढत, बाहुल्या करून त्यांचे खेळ करत, नाटकांचे पडदे रंगवत आणि कुणी आग्रह केला नाही तरी बासरी वाजवत. सगळंच त्यांना जमायचं असं नाही. बासरी तर अजिबात नाही. पण मातीत हात घातला की तो माणूस खरा होता. एवढं मी सांगू शकतो, कारण तीस वर्षं त्यांच्या मातीचे साचे मी काढले.

मी साचेवाला. शिल्पकार मातीत चेहरा घडवतो आणि हात धुऊन मोकळा होतो. ती माती कच्ची असते. वाळली की तडकते, फार भिजली की ढासळते. तिच्यावर प्लास्टर चढवून साचा करायचा, आतली माती खरवडून काढायची, त्या पोकळीत पुन्हा प्लास्टर ओतायचं आणि वरचा साचा छिन्नीने हळूहळू फोडायचा, की आत चेहरा. छिन्नी जरा चुकली तर नाक गेलं. खाली नाव शिल्पकाराचं लागतं, उद्घाटनाला तो जातो, आणि मी नखातलं प्लास्टर काढत घरी बसतो. माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण ती पुढे येते.

गेल्या वर्षी दादांचा उजवा हात लुळा पडला. मग त्यांनी डाव्या हाताने सहा आठवडे एकच काम केलं, वहिनींचा चेहरा. मंत्री, गिरणीमालक, शाळा काढणारे, एका डॉक्टरचा मेलेला कुत्रा, सगळ्यांचे चेहरे त्यांनी केले होते. बायकोचा कधी केला नव्हता. "हिला कोण ओळखतं," असं ते चारचौघांत म्हणत. चारचौघं हसत. वहिनीही हसत. चाळीस वर्षं हा एकच विनोद चालला आणि एका सकाळी त्यांनी खुर्ची सरकवून तिला सांगितलं, "बस इथे समोर."

दादांचा एक नियम होता. समोर बसलेल्या माणसाने माती बघायची नाही. माती बघितली की माणूस म्हणतो, माझं नाक एवढं मोठं नाही, आणि मग दादा चिडून नाकाबरोबर सगळाच चेहरा बिघडवून ठेवत. साचा निघून प्लास्टरमध्ये आलं की मगच बघायचं. हा नियम मंत्र्याला होता, तसाच वहिनींना होता. काम संपलं, दादांनी त्यावर ओलं फडकं गुंडाळलं, वरून प्लास्टिक बांधलं, आणि चौथ्या दिवशी ते गेले.

आठवड्याभरात वहिनींचा फोन आला.

"भावजी, साचा काढायला कधी येता? मी अजून बघितलेलं नाहीये. तुम्ही काढून दिलात की मगच बघेन."

त्या बाईने आजवर स्वतःसाठी कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी म्हणालो, "मनगट सुजलंय, वहिनी. जरा थांबावं लागेल."

"असू दे, असू दे. हाताला जपा. मी फडकं ओलं ठेवते तोवर."

मनगटाला काही झालं नव्हतं. मी रुसलो होतो. साठीला आलेला माणूस, आणि तोही मेलेल्या माणसावर. शोकसभेत अध्यक्षांनी दादांच्या सहप्रवाशांची यादी वाचली होती. एक्केचाळीस नावं. त्यात दादांना एकदा स्टेशनवर सोडायला गेलेला एक गृहस्थ होता. रंगाच्या दुकानातला कारकून होता. मी नव्हतो. आधी वाटलं, अध्यक्षांचाच कावा. मग कळलं, यादी दादांच्या वहीत, दादांच्याच अक्षरात होती. तेव्हा जे डोकं फिरलं ते फिरलंच. म्हटलं, राहू दे ती माती फडक्यात. कळू दे साचेवाला नसला की काय होतं ते. कुणाला कळू दे, हा विचार मी केला नाही.

दर महिन्याला फोन येत राहिला. साच्याचं नावही त्या काढत नसत. "हात कसा आहे?" एवढंच विचारत. एकदा मालिशचं तेल पाठवलं. मी ते लावलंही, गुडघ्यांना. शेवटच्या फोनवर त्या जरा हसून म्हणाल्या, "काल दोनदा हात फडक्यापर्यंत गेला माझा. पण मग आठवलं, हे ओरडतील." मेलेला नवरा ओरडेल म्हणून ही बाई फडकं उचलत नव्हती, आणि मी मनगट सुजवून बसलो होतो.

मग अध्यक्ष उगवले. त्यांचं खरं काम शिल्पकाराचं. जन्मभर घोडेच करत आलेत, आणि त्यांच्या एकाही घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीला टेकत नाहीत. पण खुर्ची दिसली की तिच्यावर बसून ते अध्यक्ष होतात. त्यांनी ठरवलं, दादांना आदरांजली म्हणून अकरा कलावंतांचं समूह प्रदर्शन भरवायचं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायचं तर माणसाने निदान एकट्याने गुपचूप खावं. हे अकरा जण वाट्या घेऊन आले.

प्रदर्शनाला दादांचंही एखादं काम हवं, म्हणून मंडळी त्यांच्या कामाच्या खोलीत गेली. कोपऱ्यात फडक्यात गुंडाळलेला ऐवज दिसला. वहिनींनी सांगितलं, हे त्यांचं शेवटचं काम, कच्चं आहे, साचा व्हायचाय, उघडू नका आणि फडकं तेवढं ओलं ठेवा. चेहरा कुणाचा ते सांगितलं नाही. लाजल्या असणार. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, निर्धास्त राहा. प्रदर्शन झालं की साचा आम्हीच काढून देतो." चार महिने माझी वाट बघणाऱ्या बाईने हो म्हटलं, आणि मला फोन करून वर सांगितलं, "आता तुमच्या हाताला त्रास नको, भावजी. ते लोक करून देतायत."

मी त्याच क्षणी हत्यारांची पिशवी उचलून जायला हवं होतं. गेलो नाही. उलट नाक मुरडलं. म्हटलं, बघू दे घोडेवाल्यांना साचा काढून.

प्रदर्शनाचं मला आमंत्रण नव्हतं. चौथ्या दिवशी दुपारी मी आपणहून गेलो. खोटं कशाला बोलू, नावं ठेवायलाच गेलो होतो, आणि त्या बाबतीत माझी काही निराशा झाली नाही. पांढऱ्या भिंतींचा लांबलचक हॉल, दारात अभिप्रायाची वही, आणि वहीत पहिली तीन पानं त्याच अकरा जणांनी एकमेकांबद्दल लिहिलेली. पहिल्या भिंतीवर आठ फुटी काळाकुळकुळीत कॅनव्हास. खाली लिहिलेलं, 'दादांचं जाणं'. हाच कॅनव्हास मी तीन वर्षांपूर्वी 'मध्यरात्र' या नावाने पाहिला होता. पुढे एकाने दादांचं अर्धवट राहिलेलं रेखाचित्र पूर्ण केलं होतं आणि दादांच्या सहीशेजारी आपली सही ठोकली होती, दीडपट मोठी. एका खुर्चीवर हेडफोन ठेवले होते. ते कानाला लावले की एका कलावंताचं रडणं ऐकू यायचं, एकूण चाळीस मिनिटं. मी दोन मिनिटं ऐकलं. मध्ये त्याने नाक शिंकरलं, तेवढं प्रामाणिक वाटलं. बहुतेक पाट्यांवर 'मी आणि दादा' अशी सुरुवात होती. 'दादा आणि मी' कुणाला सुचलं नव्हतं.

हॉलच्या टोकाला रांग होती. वीस-पंचवीस माणसं, चेहरे अगदी गंभीर. मी पुढे जाऊन पाहिलं.

भिंतीला टेकून स्टँड, स्टँडवर फडक्यातला तो ऐवज. वरचं प्लास्टिक काढून टाकलेलं. शेजारी पाण्याने भरलेलं पत्र्याचं घमेलं. वर पाटी: 'ओलावा. दादांची अखेरची कृती आम्ही अनावृत करणार नाही. आपणही ओंजळभर पाणी वाहा. स्मृती ओली ठेवा.' रांगेतला एकेक माणूस ओंजळ भरत होता, फडक्यावर रिकामी करत होता, डोळे मिटून क्षणभर उभा राहत होता आणि पँटला हात पुसत बाहेर पडत होता. फडक्यातून तपकिरी पाणी निथळून खालच्या परातीत पडत होतं.

परातीपाशी स्पंदनताई उभ्या होत्या. या बाई चित्रफिती करतात आणि प्रत्येक वाक्यात एकदा तरी 'स्पंदन' म्हणतात, म्हणून हे नाव. खरं त्यांचं काय आहे ते मला माहीत नाही.

"प्लास्टिक कुठे गेलं?" मी विचारलं.

"ते फार कृत्रिम वाटत होतं."

"आणि पाणी ओतायचं कुणी सांगितलं?"

"वहिनींनीच नाही का सांगितलं, ओलं ठेवा म्हणून? ती त्यांची एकटीची कृती होती. आम्ही ती सामूहिक केली. चार दिवसांत इतकी स्पंदनं मिळाली की काय सांगू."

"ताई, फडक्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं असतं. आंघोळ घालायची नसते. किती लोक येऊन गेले?"

"काल एका दिवसात पावणेचारशे," त्या अभिमानाने म्हणाल्या, आणि मला भिंतीवरची फळी दाखवली.

फळीवर काचेच्या बाटल्या होत्या. परातीतलं पाणी त्यांनी रोज एका बाटलीत भरून ठेवलं होतं. चिठ्ठ्या लावल्या होत्या. 'पहिला दिवस' जवळपास नितळ. 'दुसरा दिवस' चहाच्या रंगाचा. 'तिसरा दिवस' मी उचलून हलवली, तर आतलं पाणी हलायला तयार नव्हतं. तीस वर्षं मातीत गेलेल्या माणसाला याहून काय सांगायचं? चेहरा बाटल्यांत भरला जात होता आणि त्यावर तारखा पडत होत्या.

"आतली माती विरघळतेय, बाई," मी म्हणालो.

"हो ना," त्यांनी डोळे मिटले. "झिजणं हेच तर स्मरण."

मी घमेलं उचलून बाजूला नेलं. रांगेत कुजबुज सुरू झाली. एक सभ्य गृहस्थ भरलेली ओंजळ घेऊन तसाच उभा राहिला. त्याच्या बुटांवर पाणी गळत होतं. "मग आता हे कुठे टाकू?" त्याने मला विचारलं. मी त्याला जे सुचवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अध्यक्ष लगबगीने आले. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता फडकं सोडायला हवं. ते म्हणाले, न उघडण्याचा ठराव झालेला आहे, अकरा विरुद्ध शून्य.

"आत चेहरा आहे," मी म्हणालो.

"कुणाचा?"

ते मी सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं नव्हतं, मी कोण सांगणारा? मी बाहेर जाऊन त्यांना फोन केला. "लगेच या," एवढंच म्हणालो. वीस मिनिटांत त्या आल्या, घरातल्याच चपला, हातात बाजाराची पिशवी. घाईत बहुतेक दुसरी मिळाली नसावी. त्यांनी स्टँडकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडणार तोच अध्यक्षांनी माइक नसतानाही माइकवरच्या आवाजात सुरुवात केली. "वहिनी, आमचा उद्देश शुद्ध होता. साचा आम्ही काढणारच होतो. पण मी विचारतो, हे महाशय चार महिने कुठे होते? तुम्ही आम्हाला सांगितलंत, साचेवाल्याचा हात सुजलाय. अहो, गेल्या महिन्यात यांनी माझ्या घोड्याचा साचा काढून दिला. पाच फुटी घोडा. एकट्याने."

हे खरं होतं. अध्यक्ष माझ्या दारात आले होते, मला 'अहो-जाहो' केलं होतं, 'तुमच्यासारखा हात गावात दुसरा नाही' म्हणाले होते, आणि मी त्यांच्या त्या लंगड्या जनावरावर आठ दिवस राबलो होतो. ज्याला उभ्या आयुष्यात किंमत दिली नाही त्याच्या एका गोड शब्दावर विरघळलो होतो, आणि जिने तेल पाठवलं तिला ताटकळत ठेवलं होतं. हॉलमधल्या कुणाहीपेक्षा मला त्या क्षणी माझीच जास्त किळस आली. मी खाली बघितलं. वहिनी स्टँडपाशी गेल्या.

"फडकं काढते मी," त्या म्हणाल्या.

ठरावाची कुणाला आठवण झाली नाही. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि गाठ सोडली. एकेक वेढा उलगडत गेला तसतसा चिखल स्टँडवरून खाली घसरला. समोर लोखंडी सळई दिसत होती आणि तिला चिकटलेले चार गोळे. कपाळ नव्हतं, डोळे नव्हते, तोंड नव्हतं. मंडळींनी ते नेमकं लोकांच्या बाजूला तोंड करून ठेवलं होतं. भिंतीकडची मागची बाजू तेवढी वाचली होती. एक कान आणि अंबाडा. अंबाड्यातली एक सुटलेली बटसुद्धा त्या डाव्या अंगठ्याने टिपली होती.

वहिनींचा हात नकळत स्वतःच्या मानेमागे गेला. तेव्हा मंडळींच्या डोक्यात प्रकाश पडला. काळ्या कॅनव्हासवाला कुठूनसा पुढे आला होता, तो मागे सरकला. स्पंदनताईंनी कॅमेरा अर्धा वर उचलला होता. वहिनींनी ओलं फडकं त्यांच्या हातात दिलं, त्यामुळे कॅमेरा खाली ठेवावा लागला.

"या बाटल्या कसल्या?" वहिनींनी विचारलं.

चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच वाचल्या. मग फळीवरून एकेक बाटली उचलून त्यांनी पिशवीत ठेवली, पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस.

"वहिनी, त्यांची नोंद झालेली आहे," अध्यक्ष चाचरत म्हणाले. "प्रदर्शनाच्या यादीत."

"यादीतून खोडा," वहिनी म्हणाल्या. त्या अध्यक्षांशी इतक्या शांतपणे बोलल्या की त्यांनी खरंच खिशातून पेन काढलं.

मी घाईघाईने म्हणालो, "वहिनी, मागची बाजू चांगली आहे. मी आत्ता इथेच प्लास्टर लावतो. कान, अंबाडा, सगळं येईल."

"नको."

"अहो, पण एवढं तरी राहील."

"माझी पाठ त्यांनी जन्मभर बघितली, भावजी. स्वयंपाकघरात असायचे ना मी. ती बघायला मला कशाला हवी?"

त्या बाहेर पडल्या. मी मागोमाग गेलो, पिशवी घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिली नाही. पायऱ्यांवर त्या थांबल्या. बाटल्यांनी पिशवी जड झाली होती. रस्त्यावर नेहमीची दुपार होती, समोरचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मला काहीतरी करायचं होतं. काय वाटेल ते, पण लगेच, आणि माझ्या हाताने. माणसाची अब्रू गेली की त्याला कामं सुचतात.

"वहिनी, ऐका. मी तुमच्याच चेहऱ्याचा साचा काढतो. चेहऱ्याला तेल लावायचं, नाकात दोन नळ्या, वर प्लास्टर, अर्धा तास डोळे मिटून पडायचं. त्रास काही नाही. शिल्पकार लागत नाही, कुणी लागत नाही. नाक, कपाळ, ओठ, सुरकुत्यासुद्धा जशाच्या तशा येतील. दादांनी केला असता त्यापेक्षाही हुबेहूब."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने बघितलं असतं तर मला सोसलं असतं. पण बाजारात नको असलेली वस्तू कुणी फार आग्रहाने दाखवावी आणि आपण त्याला दुखवू नये, तसं त्यांनी बघितलं.

"माझा चेहरा कसा आहे ते मला ठाऊक आहे, भावजी," त्या म्हणाल्या. "घरात आरसा आहे. ह्यांना काय दिसत होतं, ते मला बघायचं होतं."